आजीच्या आईचे गोठ

गेल्या महिन्यात ऑफिसात ट्रॅडिशनल डे झाला. टीममधल्या सगळ्या मुलींनी नऊवारी नेसायची आणि वर चांदीचे जाडजूड दागिने घालायचे, असं व्हॉट्सॲपवर परस्पर ठरलं. (हल्लीची शिवलेली नऊवारी म्हणजे भलतीच सोय आहे हं. पँटसारखी चढवा, नाडी बांधा, झालं!) मला वाटलं, खोटे दागिने विकत कशाला आणायचे, चोपड्याला आजीच्या पेटीत खरे असतील. फोन लावला.

"माय वं, ते कुठून असतील?" आजी म्हणाली. "माझ्या आईनेच उतरवले होते सगळे. मुद्दाम."

दुष्काळात-बिष्काळात मोडले असतील असं मी धरून चालले होते. 'मुद्दाम' हा शब्द काही डोक्यातून जाईना. अख्खा वीकांत त्यात गेला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बायकांचे कपडे कसे बदलले, हे आपण वाचतो ते बहुतेक पुण्या-मुंबईचं. पोलकी आली, पायात चपला आल्या, हळूहळू नऊवारीची पाचवारी झाली. त्यालाही हिंमत लागलीच. कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी मागत फिरणाऱ्या पार्वतीबाई आठवले स्वतः केशवपन केलेल्या विधवा. १९१२ साली त्यांनी ते बंद करून केस वाढवले. पुढे तर त्या अमेरिकेलाही जाऊन आल्या! पण आजीची आई काही हिंगण्याची नव्हती. ती चोपड्याजवळच्या एका खेड्यातल्या महारवाड्यातली, दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचणारी. तिची गोष्ट शोधायला महाडला जावं लागतं.

महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह मार्च १९२७ चा. त्याच वर्षी २५ डिसेंबरला तिथे मनुस्मृती जाळली. आमच्या शाळेच्या पुस्तकातला धडा इथे संपायचा. पण त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेब जमलेल्या बायकांशी वेगळं बोलले, आणि त्यात लुगड्याबद्दल बोलले! तुमच्या नेसण्यावरून आणि दागिन्यांवरून जात लांबून ओळखू येते, तेव्हा ही ओळख टाकून द्या, असा त्याचा सारांश. वर खोचलेलं आखूड लुगडं घोट्यापर्यंत खाली सोडा. गळाभर सऱ्या आणि कोपरापर्यंत गोठ-पाटल्या नकोत. दागिना घालायचा तर सोन्याचा घाला, नाहीतर घालूच नका. मुलांइतकंच मुलींनाही शिकवा. परत जाताना कित्येक बायकांच्या नेसण्यात फरक दिसत होता. या बायकांच्या आठवणी उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) मध्ये जमवल्या आहेत. मिळालं तर वाचाच.

यावर एक आक्षेप मी नेहमी ऐकते. ही तर वरच्या जातींची नक्कल झाली, यात कसली मुक्ती? मलाही कधीतरी तसं वाटायचं. मग बाबासाहेबांच्याच 'जातिप्रथेचे निर्मूलन' (१९३६) मध्ये इंदूरची हकिकत वाचली. महाडनंतर जेमतेम आठवड्याभरात, जानेवारी १९२८ मध्ये ती वर्तमानपत्रात आली होती. इंदूरकडच्या पंधरा-एक गावांतल्या सवर्णांनी तिथल्या बलाई लोकांना बजावलं होतं, की गावात राहायचं असेल तर पुरुषांनी जरीकाठी पगडी घालायची नाही, रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही, आणि बायकांनी सोन्या-चांदीचे दागिने अंगावर घालायचे नाहीत. चोपड्याच्या उत्तरेला सातपुडा, तो ओलांडला की निमाड आणि पुढे इंदूर. म्हणजे डोंगराच्या एका बाजूला चांदी ही अस्पृश्यतेची खूण, दुसऱ्या बाजूला चांदी घालायलाच बंदी. अंगावर काय असावं हे ठरवणारे मात्र दोन्हीकडे दुसरेच. नक्कल म्हणा की काही म्हणा, महाडच्या बायकांनी ते पहिल्यांदा आपलं आपण ठरवलं.

खानदेशात हे कसं पोचलं? बाबासाहेब १९२९ साली चाळीसगावला आले होते. तिथले टांगेवाले त्यांना बसवून घ्यायला तयार नव्हते, म्हणून एका नवशिक्याने टांगा हाकला आणि त्यात त्यांना अपघात झाला, तो प्रसंग त्यांनीच लिहून ठेवलाय. पुढे जलसे सुरू झाले, गावोगाव सभा झाल्या. आजीच्या आईने नेमकं कुठे ऐकलं ते आजीला सांगता येत नाही. तेव्हा ती परकरातली पोर होती.

असो. दिवाळीला चोपड्याला गेले तेव्हा ओट्यावर बसून पुन्हा विषय काढला. गोठ मोडून काय केलं, म्हटलं.

"मोठ्या भावाला शाळेत घातलं," आजी म्हणाली. "मला नाही."

मी गप्पच बसले. मुलींनाही शिकवा, हे वाक्य तेवढं त्या घरात पोचलं नव्हतं.

थोड्या वेळाने तीच म्हणाली, "पण लुगडं सोडायची हो ती खाली." शेतात घोट्यापर्यंतचं लुगडं सांभाळून कापूस वेचता येत नाही, काठ काट्यांना अडकून फाटतो. म्हणून वावरात ती ते वर खोचायची. संध्याकाळी परतताना मात्र गावाच्या अलीकडे, नाल्यापाशी डोक्यावरचा भारा खाली ठेवायची, लुगडं नीट घोट्यापर्यंत सोडून घ्यायची आणि मग गावात शिरायची. आजी तोवर भारा धरून उभी राहायची.