कॅक्स्टन हॉलमधील सहा गोळ्यांचा हिशेब

इतिहासातील मोठ्या घटनांचा विचार करताना आपण बहुधा माणसाच्या निश्चयाकडे पाहतो. त्याच्या हातातील साधनाकडे पाहत नाही. परंतु कित्येकदा एखादे क्षुल्लक साधनच कोण जगला व कोण मेला हे ठरवून जाते. हुतात्मा उधमसिंग यांनी लंडनमध्ये सर मायकेल ओडवायर यांचा वध केला ही गोष्ट आपल्या घरोघरी सांगितली जाते. त्या दिवशी त्यांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये असलेल्या गोळ्या त्या रिव्हॉल्व्हरच्या नव्हत्याच, ही गोष्ट मात्र फारशी कोणास ठाऊक नसते. प्रस्तुत लेखात त्या सदोष गोळ्यांचा व त्यानंतर जे घडले त्याचा वृत्तांत ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवण्याचा विचार आहे.

या प्रकरणाचा आरंभ अर्थातच अमृतसरला होतो. दिनांक १३ एप्रिल १९१९, बैसाखीचा दिवस. जालियनवाला बागेत जमलेल्या निःशस्त्र समुदायावर ब्रिगेडियर जनरल डायर याने कोणतीही पूर्वसूचना न देता सुमारे दहा मिनिटे गोळीबार केला. त्याच्याबरोबर दोन चिलखती मोटारी होत्या व त्यांवर मशीनगन होत्या. पण बागेत जाणारी बोळवजा वाट अरुंद असल्याने त्या बाहेरच राहिल्या. पुढे हंटर समितीपुढे मुंबईचे सर चिमणलाल सेटलवाड यांनी, वाट रुंद असती तर मशीनगन चालविल्या असत्या काय, असे विचारले तेव्हा डायरने बहुधा होय असेच उत्तर दिले. एकूण १,६५० गोळ्या झाडल्या गेल्या. हा आकडा खुद्द डायरने दिलेला आहे. कारण लष्करात दारूगोळ्याचा हिशेब द्यावा लागतो. माणसांचा हिशेब मात्र कोणी ठेवला नाही. जखमींना उचलण्याचीही व्यवस्था न करता तुकडी परत गेली. सरकारी आकडा ३७९ मृतांचा. काँग्रेसने नेमलेल्या समितीने तो सुमारे एक हजाराचा मानला. या दुसऱ्या समितीत महात्मा गांधी, चित्तरंजन दास व अब्बास तय्यबजी यांच्या जोडीस आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते, ही महाराष्ट्राने आवर्जून स्मरणात ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. डायर व ओडवायर ही नावे उच्चारात सारखी वाटत असल्यामुळे कित्येक लोक ही दोन माणसे एकच समजतात. गोळीबाराचा हुकूम देणारा डायर हा सेनाधिकारी १९२७ मध्ये इंग्लंडमध्ये आजारपणाने मरण पावला. सर मायकेल ओडवायर हे त्या वेळी पंजाबचे लेफ्टनंट गव्हर्नर होते. डायरचे कृत्य योग्य असल्याचा संदेश त्यांनी दुसऱ्याच दिवशी त्यास पाठविण्यास संमती दिली, आणि पुढे आयुष्यभर ते त्या मतापासून ढळले नाहीत. मद्रासचे सर शंकरन् नायर यांनी आपल्या पुस्तकात पंजाबातील अत्याचारांबद्दल ओडवायर यांना दोष दिला, तेव्हा ओडवायर यांनी लंडनमध्ये त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९२४ मध्ये बारांपैकी अकरा ज्यूरींनी ओडवायर यांच्या बाजूने कौल दिला व नायर यांच्यावर पाचशे पौंडांचा भुर्दंड बसला. अमृतसरच्या प्रश्नावर इंग्लंडच्या न्यायमंदिराचे दार ठोठावले असता काय हाती लागते, हे त्या निकालाने हिंदी जनतेस कळून चुकले.

उधमसिंग यांचा जन्म २६ डिसेंबर १८९९ रोजी पंजाबातील सुनाम येथे झाला. मातापिता लहानपणीच वारल्यामुळे ते व त्यांचे थोरले बंधू अमृतसरच्या खालसा अनाथालयात वाढले. हत्याकांडाच्या दिवशी ते बागेत तहानलेल्यांना पाणी देत होते अशी लोककथा आहे. इतिहासकारांचे त्याविषयी एकमत नाही. पुढे ते परदेशी गेले, अमेरिकेत गदर पक्षाच्या विचारांशी त्यांचा संबंध आला, आणि १९२७ मध्ये परत आल्यावर अमृतसर येथे विनापरवाना पिस्तुले व गदरचे साहित्य बाळगल्याबद्दल त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. १९३१ मध्ये सुटल्यावर पोलिसांची नजर चुकवीत ते युरोपात व अखेर इंग्लंडला पोहोचले.

आता मुख्य घटनेकडे वळू. १३ मार्च १९४० रोजी लंडनमधील कॅक्स्टन हॉलमध्ये ईस्ट इंडिया असोसिएशन व रॉयल सेंट्रल एशियन सोसायटी यांची संयुक्त सभा होती. सर पर्सी साइक्स यांचे अफगाणिस्तानवर व्याख्यान होते; अध्यक्षस्थानी भारतमंत्री लॉर्ड झेटलंड होते. सभा संपून मंडळी उठत असतानाच उधमसिंग पुढे सरसावले व त्यांनी अगदी जवळून सहा गोळ्या झाडल्या. दोन गोळ्या ओडवायर यांच्या पाठीत शिरल्या व ते जागच्या जागी गतप्राण झाले. उरलेल्या गोळ्यांनी आणखी तिघांना जखमी केले. लॉर्ड झेटलंड यांच्या बरगड्यांना मुका मार बसला, पंजाबचे माजी लेफ्टनंट गव्हर्नर सर लुई डेन यांच्या हाताचे हाड मोडले, व लॉर्ड लॅमिंग्टन यांच्या हाताला दुखापत झाली. तिघेही वाचले. उधमसिंग तेथेच पकडले गेले. त्यांच्या खिशात आणखी काडतुसे व एक सुरी सापडली.

या तिसऱ्या गृहस्थांचे नाव मुंबईकर वाचकांस परके नाही. लॉर्ड लॅमिंग्टन हे १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. वंगभंगाच्या निषेधार्थ पुण्यात १९०५ साली विदेशी कपड्यांची जी होळी झाली, ती त्यांच्याच कारकिर्दीत. ग्रँट रोडजवळच्या ज्या रस्त्याला त्यांचे नाव दिले गेले, त्याचे अधिकृत नाव आज डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे असले तरी लोकांच्या तोंडी अद्याप लॅमिंग्टन रोडच आहे. त्या रस्त्याने नित्य जाणाऱ्या आपल्या बांधवांपैकी किती जणांस ठाऊक असेल की, त्या नावाचा धनी उधमसिंगांच्या गोळीने जखमी झाला होता?

इतक्या जवळून झाडलेल्या गोळ्यांनी एक मनुष्य तत्काळ मरतो आणि तिघे थोडक्यात बचावतात, याचे कारण शस्त्रतज्ञांच्या तपासणीत बाहेर आले. रिव्हॉल्व्हर स्मिथ अँड वेसन कंपनीचे, मोठ्या व्यासाच्या गोळीसाठी बनविलेले होते. त्यात भरलेली काडतुसे मात्र त्याहून लहान व्यासाच्या शस्त्राची होती. शिवाय ती कित्येक वर्षांची जुनी होती.

याचा परिणाम काय होतो हे समजून घेण्यास शस्त्रविद्येचे विशेष ज्ञान नको. काडतुसातील दारू पेटली की तिचा वायू क्षणार्धात फुगतो व गोळीस पुढे ढकलतो. गोळी नळीत घट्ट बसणारी असेल तर त्या वायूचा सर्व जोर तिच्या पाठीशी लागतो. नळीच्या आतल्या अंगास नागमोडी खाचा असतात; त्यांत गोळी रुतते, स्वतःभोवती फिरते व सरळ रेषेत जाते. पिचकारीचा दट्ट्या नळीपेक्षा बारीक असेल तर कितीही जोर लावला तरी पाणी बाजूने निसटते आणि धार दूर जात नाही. तोच प्रकार येथे होतो. वायू गोळीच्या बाजूंनी निसटून जातो, गोळी खाचांना धरत नाही, तिचा वेग कमी पडतो व ती वेडीवाकडी जाते. त्यात दारू जुनी असली म्हणजे तिचा जोरही भरवशाचा राहत नाही. कोणती गोळी किती खोल जाईल हे अशा वेळी झाडणाऱ्याच्या हाती उरत नाही. ओडवायर यांना लागलेल्या गोळ्या मर्मस्थानी पोहोचल्या; भारतमंत्र्यांस लागलेल्या गोळीने केवळ बरगड्या शेकल्या.

अशी काडतुसे उधमसिंगांसारख्या जिद्दी माणसाने का वापरली? याचे उत्तर त्या काळच्या परिस्थितीतच सापडते. हिंदुस्थानात १८७८ च्या शस्त्रकायद्याने सामान्य जनतेस निःशस्त्र केले होते. इंग्लंडमध्येही परवान्याविना रिव्हॉल्व्हर वा काडतुसे उघडपणे विकत घेता येत नसत. जो चोरून शस्त्र मिळवितो त्यास जे मिळेल ते घ्यावे लागते. दुकानात उभे राहून नळीला गोळी लावून पाहण्याची सोय त्यास नसते. शस्त्रापेक्षाही योग्य काडतुसे मिळविणे क्रांतिकारकांना नेहमी अवघड गेले. कलकत्त्यास ऑगस्ट १९१४ मध्ये रॉडा कंपनीच्या मालातून पन्नास माउझर पिस्तुले पळविली गेली, तेव्हा त्यांच्यासोबत सुमारे ४६,००० काडतुसेही मिळाली, हेच त्या घटनेचे खरे महत्त्व होय.

महाराष्ट्रातही दैवाचा असा खेळ घडलेला आहे. २२ जुलै १९३१ रोजी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने मुंबईचे हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन यांच्यावर अगदी समोरून गोळी झाडली. खिशातील पाकिटाच्या धातूच्या बटनावर ती अडली व हॉटसन बचावले. गोगटे यांना आठ वर्षांची शिक्षा झाली. पण त्यांचा प्राण वाचला व पुढे ते स्वतंत्र भारतात सार्वजनिक जीवनात वावरले. याउलट नाशिकला १९०९ साली अनंत कान्हेरे यांचे ब्राउनिंग पिस्तूल बिनचूक चालले, जॅक्सन ठार झाला, आणि कान्हेरे, कर्वे व देशपांडे हे तिघे तरुण १९ एप्रिल १९१० रोजी फासावर गेले. तेव्हा शस्त्र चुकले काय किंवा साधले काय, त्याचा परिणाम दोन्हीकडच्या जीवितांवर होतो.

उधमसिंगांवरील खटला ४ जून १९४० रोजी लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात न्यायमूर्ती ॲटकिन्सन यांच्यापुढे उभा राहिला व दुसऱ्याच दिवशी संपला. बचावपक्षाच्या वकिलांत पुढे भारताचे संरक्षणमंत्री झालेले कृष्ण मेनन हेही होते. आपला उद्देश कोणास मारण्याचा नसून निषेध नोंदविण्याचा होता, असा बचाव मांडण्यात आला. ज्यूरींनी तो मानला नाही. आणि खिशातील जादा काडतुसे पाहता तो मानला जाणे कठीणच होते. अटकेच्या वेळी तर उधमसिंगांनी आपला ओडवायर यांच्यावर राग होता व ते त्याच शिक्षेस पात्र होते, असे उघडपणे सांगितले होते.

या खटल्यात गोळ्यांविषयी सर्व काही विचारले गेले. त्यांचा व्यास, त्यांचे वय, त्या कोठे लागल्या, कोणत्या अवयवातून गेल्या, याची साक्ष नोंदली गेली. परंतु शिक्षा फर्मावण्यापूर्वी आरोपीस काही सांगावयाचे आहे काय असे विचारले असता उधमसिंगांनी जे निवेदन केले, त्यात ब्रिटिश साम्राज्यसत्तेवर कठोर टीका होती, आणि ते वृत्तपत्रांत छापू नये असा हुकूम न्यायमूर्तींनी दिला. १५ जुलैला अपील फेटाळले गेले व ३१ जुलै १९४० रोजी पेंटनव्हिल तुरुंगात उधमसिंगांना फाशी देण्यात आली. ते निवेदन सरकारी दप्तरात बंद राहिले, ते १९९६ मध्ये खुले झाले. अमृतसरला १,६५० गोळ्यांचा आकडा नोंदला गेला व मृतांची नावे राहिली. लंडनला सहा गोळ्यांचा तपशील नोंदला गेला व त्यामागचे कारण छप्पन्न वर्षे दडवून ठेवले गेले. दोन्ही प्रसंगी राज्यसत्तेने तोच एक हिशेब केला. हे ध्यानी येते तेव्हा उधमसिंगांच्या गोष्टीचा खरा अर्थ केवळ सूडात नाही हे पटते.

त्या वेळी देशातील थोर नेत्यांनी या कृत्याची प्रशंसा केली नाही. गांधीजींनी ते वेडेपणाचे कृत्य म्हणून धिक्कारले. अहिंसेच्या उपासकाचे ते मत आदरपूर्वक ऐकावे लागेल. आणि त्या दिवशी जखमी झालेल्यांपैकी लॉर्ड लॅमिंग्टन यांचा पंजाबातील अत्याचारांशी काही संबंध नव्हता, हेही प्रामाणिकपणे मान्य करावे लागेल. ऐंशी वर्षांच्या त्या वृद्धाचे त्याच वर्षी सप्टेंबरात निधन झाले. हुतात्म्याबद्दलचा आदर कायम ठेवूनही असे प्रश्न विचारता येतात. किंबहुना ते विचारल्यानेच तो आदर डोळस होतो.

अखेरीस आपल्या ज्ञातीच्या या अंकात सांगावीशी वाटणारी एक गोष्ट आहे. उधमसिंग यांचा जन्म कंबोज ज्ञातीत झाला, आणि त्या ज्ञातीस त्यांचा सार्थ अभिमान आहे. आपलीही ज्ञाती आपल्या कर्तबगार पुरुषांच्या व स्त्रियांच्या स्मृती जपते, तद्वतच हे होय. त्यात गैर काही नाही. परंतु पकडले गेल्यावर त्यांनी आपले नाव मोहंमद सिंग आझाद असे सांगितले व तुरुंगातही त्याच नावाचा आग्रह धरला. एकाच नावात मुसलमान, शीख व स्वातंत्र्याची आकांक्षा यांची गाठ त्यांनी घातली. पुढे जनतेने त्याच्या आरंभी ‘राम’ही जोडला. बागेत ज्यांनी प्राण सोडले ते सर्व धर्मांचे व सर्व ज्ञातींचे होते, याची ती साक्ष होती. जुलै १९७४ मध्ये त्यांचे अवशेष मायदेशी आणले गेले व सुनाम येथे त्यांवर अंत्यसंस्कार झाले, तेव्हा सारा देश त्यांचा वारस म्हणून उभा राहिला.

आपल्या मुलांना आपण उधमसिंगांची गोष्ट अवश्य सांगावी. ती सांगताना त्या जुन्या, न जुळणाऱ्या काडतुसांचाही उल्लेख करावा, म्हणजे पराक्रम कोणत्या दारिद्र्यातून व कोणत्या अडचणींतून घडतो हे त्यांस कळेल. आणि त्याबरोबरच त्यांनी स्वतःहून घेतलेले ते नाव मुलांना पाठ करावयास सांगावे. गोळ्यांचा हिशेब लंडनच्या न्यायालयाने केलेला आहे. त्या नावाचा हिशेब आपल्याकडे आहे.