लाटांच्या आघाताचे मोजमाप आणि महाकाय जहाजांची सुरक्षा

सिंगापूरहून जेद्दाहकडे निघालेले ‘एमओएल कम्फर्ट’ हे ३१६ मीटर लांबीचे कंटेनरवाहू जहाज १७ जून २०१३ रोजी अरबी समुद्रात, येमेनच्या किनाऱ्यापासून सुमारे २०० सागरी मैलांवर, मध्यभागी दुभंगले. मुंबईच्या सागरी बचाव समन्वय केंद्राने जवळची जहाजे मदतीसाठी वळवली आणि सर्व २६ कर्मचारी बचावले. जहाजाचे दोन्ही भाग मात्र महिनाभरात बुडाले. हे जहाज २००८ मध्ये बांधलेले होते. त्यामुळे लाटांनी होणारी हानी वेळीच कशी ओळखावी, हा प्रश्न ऐरणीवर आला.

लाटेचा माथा जहाजाच्या मध्याखाली आला की दोन्ही टोके खाली झुकतात. डेकवर ताण आणि तळावर दाब येतो. त्याच वेळी जहाजाचा पुढचा भाग लाटेवर आदळल्यास संपूर्ण सांगाडा थरथरतो. ‘व्हिपिंग’ नावाने ओळखले जाणारे हे कंपन मूळ भारात भर घालते. जहाज शेकडो मीटर लांब असल्याने सुकाणूकक्षातील अधिकाऱ्यांना त्याची तीव्रता केवळ अनुभवाने जोखता येत नाही.

यासाठी डेकखालील पोलादावर ‘स्ट्रेन गेज’ बसवून धातूचे सूक्ष्म ताणले-दाबले जाणे नोंदवतात. पुढच्या भागातील त्वरणमापक आदळण्याचे धक्के टिपतात, तर दाबमापक पत्र्यांवरील पाण्याचा मारा मोजतात. मर्यादा ओलांडली जाण्याची चिन्हे दिसताच कप्तान वेग कमी करतो किंवा दिशा बदलतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९९४ मध्ये २०,००० टन व त्याहून अधिक भारक्षमतेच्या, सुटा माल वाहणाऱ्या जहाजांवर अशी यंत्रणा बसवण्याची शिफारस केली होती.

परंतु संवेदक जिथे बसवला असेल, तेथीलच स्थिती सांगतो. ‘कम्फर्ट’च्या रचनेच्या अन्य जहाजांची तपासणी झाली, तेव्हा तळाच्या पत्र्यांवर सुमारे २० मिलिमीटर उंचीपर्यंतचे फुगवटे आढळले. म्हणूनच तळाच्या टाक्यांत उतरून व गोदीत जहाज कोरडे करून पत्र्यांचा सपाटपणा आणि श्राव्यातीत ध्वनिलहरींनी त्यांची जाडी मोजणे अपरिहार्य ठरते.

जहाज वर्गीकरण संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१५ मध्ये कंटेनरवाहू जहाजांच्या मजबुतीचे नवे निकष स्वीकारले. मोठ्या जहाजांच्या आराखड्यात व्हिपिंगचा विचार करणे त्यानुसार आवश्यक झाले.