४२ पैकी ३९

इंग्लंडमधल्या स्थानिक निवडणुकांच्या बातम्या वाचल्या असतील, तर त्यात एक शब्द हमखास येतो: कंट्रोल. अमुक कौन्सिलचा कंट्रोल या पक्षाकडून त्या पक्षाकडे गेला. आपण त्याला सत्तांतर म्हणतो. रात्रभर मतमोजणी चालते, सकाळी आकडे येतात, जिंकलेले फोटो काढतात आणि आठवडाभरात सगळे विसरून जातात. मला मात्र या शब्दापाशी नेहमी अडायला होतं. कंट्रोल नेमका कशावर मिळाला? दिवे, गटारं, कचरा, घरं यांचा कारभार तुमच्याकडे आला, ठीक. पण त्यासाठी पैसा किती आणि कुठून यायचा, हे ठरवणारे नियम दुसऱ्यानेच करून ठेवले असतील तर?

हा प्रश्न सव्वाशे पानांच्या अहवालात सुटणारा नाही. तो एकदा फार स्वच्छ सुटला होता, किंवा निदान स्वच्छ मांडला गेला होता, १९१९ ते १९२१ या काळात, पूर्व लंडनमधल्या पॉप्लर नावाच्या बरोत. बरो म्हणजे लंडनचा एक प्रशासकीय तुकडा. त्याला स्वतःचं कौन्सिल, स्वतःचा महापौर आणि स्वतःचा कर.

गोदीचं गाव

आज कॅनरी व्हार्फच्या काचेच्या इमारती जिथे उभ्या आहेत, तिथे तेव्हा वेस्ट इंडिया डॉक होता. थोडं पुढे ईस्ट इंडिया डॉक. हा नावाप्रमाणेच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांसाठी बांधलेला. म्हणजे आपल्याकडून लादलेला माल ज्या धक्क्यावर उतरायचा, तो धक्का पॉप्लरमध्ये होता. माल श्रीमंतांचा, धक्का कंपनीचा आणि पाठी पॉप्लरकरांच्या. गोदीतलं बरंचसं काम रोजंदारीचं होतं. सकाळी फाटकाशी गर्दी करायची, मुकादमाने बोट दाखवलं तर काम, नाही तर रिकाम्या हाताने घरी. आपल्याकडे मजूर नाक्यावर उभे राहतात, तसंच.

या लोकांपैकी अनेकांना मतच नव्हतं. १९१८च्या कायद्याने मतदारयादी एकदम फुगली. पूर्वी ज्याने सरकारी गरीब-मदत घेतली त्याचं मत जायचं. आता ती अट गेली. मतदाराची बायको, ती तीस वर्षांची असेल तर, स्थानिक निवडणुकीत मत देऊ लागली. युद्धामुळे लांबलेल्या कौन्सिलच्या निवडणुका नोव्हेंबर १९१९मध्ये झाल्या आणि पॉप्लरमध्ये ४२ पैकी ३९ जागा मजूर पक्षाने, म्हणजे लेबरने, जिंकल्या. जॉर्ज लॅन्सबरी महापौर झाले. पॉप्लरचे ते पहिले लेबर महापौर.

निवडून आलेल्यांत गोदी कामगार होते, रेल्वेत काम करणारे होते, शिक्षक होते, घर सांभाळणाऱ्या बायका होत्या. आजवर कौन्सिलच्या दारात अर्ज घेऊन उभे राहणारे लोक आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले. त्यांनी कामही झपाट्याने केलं. घरं बांधायला काढली, बाळंतिणी आणि तान्ह्या मुलांसाठीच्या सोयी वाढवल्या, आणि कौन्सिलच्या नोकरांना आठवड्याला किमान ४ पौंड पगार ठरवला. बाईला आणि पुरुषाला सारखा. १९२० साली हे किती धाडसाचं होतं, ते पुढे न्यायाधीशांच्या रागावरून कळतं. तिकडे येऊच.

एका पेनीची किंमत

आता जरा हिशोब. कंटाळा करू नका, सगळं भांडण या हिशोबातच आहे.

कौन्सिलचं उत्पन्न 'रेट्स'मधून यायचं. घराचं, दुकानाचं वार्षिक भाडं किती येईल याचा अंदाज काढायचा आणि त्यावर पौंडामागे इतके पैसे असा कर लावायचा. आपल्या घरपट्टीच्या जातीचाच कर. पॉप्लरमध्ये पौंडामागे एक पेनी कर लावला, तर साधारण ३,५०० पौंड जमायचे. तीच एक पेनी वेस्टमिन्स्टरमध्ये लावली तर ३०,०००च्या वर. कारण उघड आहे. एकीकडे चाळीवजा घरं, दुसरीकडे राजवाडा, हॉटेलं आणि बंगले.

आणि गरिबांना मदत द्यायचा खर्च कोणी करायचा? ज्या भागात गरीब राहतात, त्या भागाने. १९२०च्या शेवटी मंदी आली, गोदीतली कामं आटली, मदत मागणाऱ्यांच्या रांगा वाढल्या. म्हणजे जिथे पैसा सगळ्यात कमी तिथेच खर्च सगळ्यात जास्त. तो भागवायला कर वाढवायचा, तर तो पडणार कोणावर? नुकतंच काम गेलेल्या शेजाऱ्यावर. वेस्टमिन्स्टरला बेकार फारसे नव्हतेच, त्यामुळे तिथला कर हलका. पॉप्लरच्या धक्क्यांवरून आलेल्या मालावर श्रीमंत झालेले लोक लंडनच्या पश्चिमेला राहत आणि पॉप्लरच्या बेकारीचा एक छदामही देत नसत.

इथे मला तो 'कंट्रोल' शब्द पुन्हा आठवतो. ३९ जागा मिळाल्या, महापौराची साखळी गळ्यात आली, पण नियम तोच राहिला, तर नव्या लोकांच्या हाती दोनच गोष्टी उरत होत्या: गरिबांची मदत कापा किंवा गरिबांवर कर वाढवा. जुन्या कौन्सिलनेही हेच केलं असतं. फरक एवढाच, की यांनी ते डोळ्यांत पाणी आणून केलं असतं.

चार बिलं

मार्च १९२१मध्ये पॉप्लरने तिसरा रस्ता काढला. बरो जो कर गोळा करायची, त्यात तिच्या स्वतःच्या खर्चाखेरीज आणखी चार संस्थांचा वाटा असायचा: लंडन काउंटी कौन्सिल, महानगर पोलीस, पाणीपुरवठा मंडळ आणि इस्पितळं चालवणारं असायलम्स बोर्ड. हा वाटा पौंडामागे सगळ्यांना सारखा, गरीब बरो असो की श्रीमंत. पॉप्लरने ठरवलं, हा वाटा लोकांकडून वसूलच करायचा नाही. जमवून खिशात घालायचा असा प्रकार नव्हता. आधी गरीब-मदतीचा खर्च सगळ्या लंडनने वाटून घ्यावा, मग तुमची बिलं बघू, एवढी सरळ मागणी होती.

बेकायदा होतं? हो, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. काउंटी कौन्सिल आणि असायलम्स बोर्ड कोर्टात गेले. २९ जुलै १९२१ला नगरसेवक पॉप्लरहून हायकोर्टाकडे पायी निघाले. पुढे राजदंड घेतलेला चोपदार, त्यामागे साखळी घातलेले महापौर सॅम मार्च, मागे हजारोंचा मोर्चा. फलकावर लिहिलं होतं, की पॉप्लर बरो कौन्सिल हायकोर्टात चाललं आहे आणि तिथून कदाचित तुरुंगात.

दोनच दिवसांनी, ३१ जुलैला, मुंबईत परळला एल्फिन्स्टन गिरणीच्या आवारात गांधीजींनी विदेशी कापडाची होळी पेटवली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध होता असं मी म्हणणार नाही. पण त्या आठवड्यात ब्रिटिश कायद्याला एकाच वेळी परळमधून आणि पॉप्लरमधून प्रश्न विचारला जात होता, हे नकाशावर बोट ठेवून बघण्यासारखं आहे.

कोर्टाने सांगितलं, कर लावा, नाही तर आत जा. सप्टेंबरच्या सुरुवातीला अटका झाल्या. एकूण ३० जण तुरुंगात गेले: २५ पुरुष ब्रिक्स्टनला, ५ बायका हॉलोवेला. लॅन्सबरींच्या घरातलेच तिघे होते: जॉर्ज, मुलगा एडगर आणि सून मिनी. (एडगरची पुढच्या लग्नातली मुलगी म्हणजे अभिनेत्री अँजेला लॅन्सबरी. डिस्नेच्या 'ब्यूटी अँड द बीस्ट'मधल्या किटलीचा आवाज तिचा.) नेली क्रेसल गरोदर होती. तिला इतरांच्या आधी सोडलं. पुढे १९४३मध्ये ती पॉप्लरची महापौर झाली. सुझन लॉरेन्स तर मुळात काँझर्व्हेटिव्ह. काउंटी कौन्सिलवर असताना शाळा झाडणाऱ्या बायकांना मिळणारा तुटपुंजा पगार पाहून तिने पक्ष सोडला आणि ती लेबरमध्ये आली.

सरकारची पंचाईत झाली. निवडून आलेल्या कौन्सिलचे तीस जण आत. बाहेर रोज गर्दी, आणि लॅन्सबरी गजांआडून भाषण करतात. शेवटी कौन्सिलच्या बैठका तुरुंगातच भरू लागल्या. त्यासाठी हॉलोवेच्या बायकांना गाडीत घालून ब्रिक्स्टनला आणलं जाई. शेजारच्या स्टेपनी आणि बेथनल ग्रीन बरोंनीही पॉप्लरच्या वाटेने जायचं ठरवलं. १२ ऑक्टोबरला सगळ्यांना सोडण्यात आलं. लगोलग कायदा बदलला आणि गरीब-मदतीचा मोठा भार लंडनच्या सामाईक निधीवर गेला. पॉप्लरच्या बेकारासाठी वेस्टमिन्स्टरलाही पैसे मोजावे लागले.

किंमत

गोष्ट इथे संपवली तर ती फारच गोड होईल.

मिनी लॅन्सबरी तुरुंगातून आली ती तब्येत खालावूनच. १ जानेवारी १९२२ला न्यूमोनियाने ती गेली. वय ३२. आधी शाळेत शिकवायची, मग ते सोडून सिल्व्हिया पँकहर्स्टबरोबर पूर्व लंडनच्या बायकांसाठी काम करू लागली होती. बो रोडवर तिच्या नावाचं घड्याळ आजही आहे.

४ पौंड पगाराचं प्रकरणही कोर्टात गेलं. महागाई उतरली तरी कौन्सिलने पगार उतरवले नाहीत, म्हणून सरकारी ऑडिटरने जास्तीची रक्कम नगरसेवकांकडून भरून मागितली. १९२५मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ऑडिटरची बाजू उचलून धरली. बाई आणि पुरुषाला समान वेतन देण्याची हौस म्हणजे कौन्सिलने डोक्यात घेतलेलं भलतंच खूळ, असा त्यातल्या एका न्यायमूर्तींचा सूर होता. लोकांनी निवडून दिलेल्यांनी किती उदार व्हायचं, याची सीमा न निवडलेल्यांनी आखून दिली.

टीका स्वपक्षातूनही झाली. शेजारच्या हॅकनीचे लेबर महापौर हर्बर्ट मॉरिसन यांना हा मार्ग मुळीच पटला नव्हता. त्यांचं म्हणणं साधं होतं: आपण कायद्याने राज्य चालवू शकतो हे लोकांना दाखवायचं आहे, मग आपणच कायदा मोडला तर उद्या आपला कायदा कोण पाळेल? मला हा मुद्दा उडवून लावता येत नाही. उद्या एखाद्या श्रीमंत बरोने गरिबांसाठीचा कर भरायला असाच नकार दिला, तर पॉप्लरकडे काय उत्तर होतं?

माझ्या मते थोडंसं होतं. त्यांनी नियम चोरून मोडला नाही. उघड ठराव केला, शिक्षा स्वतः भोगली आणि पुन्हा मतदारांपुढे उभे राहिले. १९२२च्या निवडणुकीत पॉप्लरने त्यांनाच पुन्हा कौन्सिल दिलं. पळवाट आणि प्रतिकार यांतला फरक बहुधा याच तीन गोष्टींत असतो.

पुढे काय झालं

१९१९च्या त्याच लाटेनंतर शेजारच्या स्टेपनीत एक शांत स्वभावाचा वकील महापौर झाला होता: क्लेमंट ॲटली. १९३५मध्ये लेबरचं नेतृत्व लॅन्सबरींकडून त्यांच्याकडे आलं आणि १९४७मध्ये भारत स्वतंत्र झाला तेव्हा पंतप्रधान तेच होते. गोलमेज परिषदेसाठी १९३१मध्ये गांधीजी लंडनला गेले, तेव्हा हॉटेल सोडून किंग्सली हॉलमध्ये राहिले. ते तेव्हा पॉप्लर बरोतच होतं. तिथल्या यजमान म्युरिएल लेस्टर स्वतः काही वर्षं पॉप्लर कौन्सिलवर होत्या. परळ आणि पॉप्लर दहा वर्षांनी असे भेटले.

आणि मॉरिसन? १९३०मध्ये गरीब-मदतीचं काम स्थानिक मंडळांकडून काढून काउंटी कौन्सिलकडे दिलं गेलं. म्हणजे सगळ्या लंडनचे गरीब, सगळ्या लंडनचा खर्च. पॉप्लरची हीच मागणी होती. १९३४मध्ये त्या काउंटी कौन्सिलमध्ये सत्तांतर झालं, पहिल्यांदाच लेबरच्या बाजूने, आणि त्याचे नेते होते मॉरिसन. कायदा न मोडता कारभार करून दाखवायची संधी त्यांना मिळाली, आणि ज्या सामाईक पैशावर तो कारभार उभा होता, त्यासाठी कधीकाळी तीस माणसं तुरुंगात गेली होती.

पॉप्लर बरो १९६५मध्ये टॉवर हॅम्लेट्समध्ये विलीन झाली. 'पॉप्लरिझम' हा शब्द मात्र इंग्रजीत राहिला, कोणी कौतुकाने वापरतं, कोणी शिवी म्हणून. आता कुठल्याही कौन्सिलचा किंवा महापालिकेचा निकाल लागला, की मी जागांच्या आकड्यानंतर आणखी एक आकडा शोधतो: तिथे एक पेनी कर लावला तर किती जमतात, आणि शेजारी किती.