आभासी संगणकावरील बिघाडनोंदींचे जतन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना : संगणकाची कार्यप्रणाली अचानक कोसळते तेव्हा तिच्या अखेरच्या क्षणांची नोंद हे कारणमीमांसेचे प्रमुख साधन असते. या नोंदींच्या जतनाचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

विवेचन : १९५० च्या दशकात चुंबकीय कड्यांची स्मृती प्रचारात आली. वीज खंडित झाली तरी तिच्यातील मजकूर टिकत असे. ‘कोअर डंप’ ही संज्ञा त्या कड्यांवरूनच रूढ झाली. १९७० नंतर अर्धवाहक स्मृतीचा प्रसार झाला आणि वीज जाताच पुरावाही नष्ट होऊ लागला.

आयबीएमच्या केंब्रिज केंद्रात १९६० च्या दशकात विकसित झालेल्या सीपी-६७ प्रणालीने एकाच संगणकावर अनेक आभासी यंत्रे चालविली. या रचनेत एक यंत्र कोसळले तरी यजमान प्रणाली कार्यरत राहते व मृत यंत्राची स्मृती बाहेरून वाचू शकते. लिनक्समध्ये २००५ साली आलेल्या ‘केडंप’ सुविधेत हेच काम यंत्राच्या आतील राखीव कर्नल करतो. मात्र त्यासाठी काही स्मृती आधीच बाजूला ठेवावी लागते.

तथापि, आभासी यंत्र निर्माण करणे जितके सुलभ, तितकेच ते पुसून टाकणेही. कोसळलेले यंत्र स्वयंचलितपणे हटवून नवे उभे केले, तर सेवा पूर्ववत होते. परंतु नोंद बाहेर साठविलेली नसल्यास बिघाडाचे कारण कायमचे अज्ञात राहते.

निष्कर्ष : चुंबकीय कड्यांत जतन आपोआप घडत असे, आभासी यंत्रात ते पूर्वनियोजनावर अवलंबून आहे. स्मृतीच्या नोंदीत वापरकर्त्यांची गोपनीय माहितीही असू शकते. म्हणून काय, कोठे व किती काळ जपावे, हे बिघाडापूर्वीच निश्चित करणे आवश्यक ठरते.