जत्रेतील तंबूचे चित्रगृह

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात हलती चित्रे प्रथम दाखविली गेली आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला, हे सर्वश्रुत आहे. परंतु ज्या मुलखात विजेची तारही पोहोचली नव्हती, तेथील कुणब्या-बलुतेदारांच्या आणि नवस फेडावयास आलेल्या म्हाताऱ्यांच्या दृष्टीस हे नवल ज्यांनी आणून घातले, त्या टुरिंग टॉकीजवाल्यांचे ऋण आपण अद्याप मोजलेले नाही.

देवाची तिथी हेच या धंद्याचे पंचांग होते. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांचा रथ, पालीच्या खंडोबाचे लग्न, जोतिबाची चैत्री असे मुक्काम करीत, कचेरीतून परवाना मिळवीत आणि तिकिटामागे सरकारचा करमणूक कर भरीत हा सरंजाम गावोगाव हिंडे. पावसाळ्यात मात्र कनाती गुंडाळलेल्या असत.

आत बैठक जमिनीवर. बाया एकीकडे, पुरुष दुसरीकडे. यंत्रात कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर जळत आणि त्या झिजतील तसतसे त्यांतील अंतर जुळते ठेवणे हे ऑपरेटरचे सारे कसब. क्षणभर दुर्लक्ष झाले की पडदा काळवंडे आणि शिट्ट्यांचा कल्लोळ उठे. हजार फुटांचे रीळ बोलपटाच्या वेगाने सुमारे ११ मिनिटांत संपे, आणि यंत्र एकच असले की दुसरे रीळ चढेपर्यंत खेळ थांबे. तेवढ्यात पुढे काय होणार याची चर्चा तंबूभर चाले.

‘प्रभात’च्या १९३६ च्या ‘संत तुकारामा’पासून १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’पर्यंत भक्ती आणि तमाशा या दोन्ही रसांवर पोसलेला जो ग्रामीण प्रेक्षक मराठी चित्रपटास लाभला, तो माझ्या मते शहरातील पक्क्या चित्रगृहांपेक्षा या तंबूंनीच अधिक घडविला, आणि देवदर्शनानंतर सबंध गाव एकाच छताखाली येऊन बसावे, असा योग त्या काळी दुसऱ्या फार थोड्या ठिकाणी येत असे.

पुढे दूरचित्रवाणी आली, व्हिडिओ आला, आणि शेवटी संगणकीय प्रक्षेपणामुळे रिळांच्या प्रती निघणेच जवळजवळ थांबले. या फिरत्या धंद्यावरील ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटाचा २०१६ साली कान महोत्सवात गौरव झाला, तोवर तंबू विरळच उरले होते. ज्यांच्या माळ्यावर जुने परवाने, तिकिटांची पुस्तके वा भित्तिपत्रके पडून असतील, त्यांनी ती भंगारवाल्यास देऊ नयेत. पुण्यास १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तेथे एकवार विचारून पाहावे.