न्यू मेक्सिको : मोजलेली आणि न मोजलेली माणसे

६ जानेवारी हा तीन राजांचा सण. १९१२ साली याच दिवशी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी सही केली आणि न्यू मेक्सिको हे त्या संघराज्याचे सत्तेचाळिसावे राज्य झाले. तारखेचा हा योगायोगच. पण त्या प्रदेशात स्पॅनिश बोलणाऱ्या कॅथलिक कुटुंबांची मोठी वस्ती असल्यामुळे आम्हांला तो नोंदवावासा वाटतो.

त्या दिवसासाठी या लोकांना फार थांबावे लागले. १८४६ मध्ये जनरल कर्नी यांच्या सैन्याने सांता फे शहर गोळी न झाडता ताब्यात घेतले. १८४८ च्या तहाने मेक्सिकोने हा मुलूख अमेरिकेला दिला व रहिवाशांना नागरिकत्वाचे वचन मिळाले. शेजारचा कॅलिफोर्निया १८५० मध्येच राज्य झाला. न्यू मेक्सिको मात्र आणखी बासष्ट वर्षे वॉशिंग्टनने नेमलेल्या गव्हर्नरांच्या अमलाखाली राहिला. कारणे अनेक सांगितली गेली. खरे कारण १९०२ साली उघडे पडले. सिनेटर बेव्हरिज आपली समिती घेऊन तेथे गेले आणि जागोजागी विचारू लागले : लोक कोणती भाषा बोलतात? न्यायालयात दुभाषी लागतो का? उत्तरे मिळाली आणि समितीने राज्याच्या दर्जाला विरोध नोंदवला. भाषा वेगळी असली की निष्ठेविषयीही शंका घ्यावी, हा न्याय आम्हांला तरी पटत नाही.

म्हणूनच १९१० मध्ये तयार झालेल्या राज्यघटनेतील एक कलम आम्हांला मोलाचे वाटते. धर्म, वंश, भाषा किंवा वर्ण यांवरून, अथवा इंग्रजी वा स्पॅनिश येत नाही म्हणून, कोणाचाही मताधिकार हिरावला जाणार नाही, असे त्यात म्हटले आहे. परंतु त्याच घटनेने 'कर न भरणाऱ्या इंडियन लोकांना' मतदानातून वगळले. (कोलंबसाच्या चुकीने आपले नाव त्या मूळनिवाशांना चिकटले, ते असे कायद्यातही उतरले.) दुसऱ्या महायुद्धात लढून आलेले इस्लेटा गावचे शिक्षक मिगेल त्रुहियो मतदार म्हणून नाव नोंदवायला गेले, तेव्हा त्यांना नकार मिळाला. ते न्यायालयात गेले आणि ऑगस्ट १९४८ मध्ये जिंकले.

मताचा प्रश्न असा सुटला. जिवाचा प्रश्न त्याआधीच उभा राहिला होता. १६ जुलै १९४५ च्या पहाटे या राज्याच्या वाळवंटात जगातील पहिला अणुस्फोट झाला. त्या चाचणीचे नाव होते 'ट्रिनिटी', म्हणजे त्रैक्य. हे नाव आम्हांला नेहमीच खटकत आले आहे. वीस मैलांच्या आत शेतघरे होती; आसपासची माणसे छपरावरचे पावसाचे पाणी साठवून पीत होती. कोणालाही आधी सूचना मिळाली नाही. दारूगोळ्याचे कोठार उडाले, असे लष्कराने सांगितले.

१९९० मध्ये अमेरिकेने अणुचाचण्यांच्या किरणोत्सर्गाने आजारी पडलेल्यांना भरपाई देणारा कायदा केला. नेवाडातील चाचण्यांचा त्रास भोगलेले लोक त्यात आले. ट्रिनिटीच्या परिसरातील लोक सुटले. ज्या भूमीवर पहिला स्फोट झाला, तिचीच माणसे यादीत नव्हती! तुलारोसा खोऱ्यातील कुटुंबे आपापल्या घरातील कर्करोगाचे मृत्यू मोजत राहिली, साक्षी देत राहिली. जुलै २०२५ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि त्यांना प्रथमच भरपाईचा हक्क मिळाला. त्या पहाटे पाळण्यात असलेली मुले तेव्हा ऐंशीच्या घरात होती.