स्टेरॉइडांचे सूक्ष्मजैविक रूपांतरण

स्टेरॉइडांचे सूक्ष्मजैविक रूपांतरण म्हणजे बुरशी, यीस्ट व जीवाणू यांच्यातील एंझाइमांच्या, म्हणजेच विकरांच्या, साहाय्याने स्टेरॉइड रेणूत ठरावीक जागी बदल घडवून आणण्याची प्रक्रिया होय. हायड्रोकॉर्टिसोन, प्रेडनिसोलोन इ. औषधांचे औद्योगिक उत्पादन या प्रक्रियेवर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे. व्यायामशाळांतील गैरवापरामुळे ‘स्टेरॉइड’ हा शब्द बदनाम झाला असला, तरी कोलेस्टेरॉल, पित्ताम्ले, लैंगिक हॉर्मोने आणि अधिवृक्क ग्रंथींची अनेक हॉर्मोने ही सर्व स्टेरॉइडेच आहेत.

अकराव्या कार्बनचा प्रश्न

स्टेरॉइडाचा गाभा १७ कार्बन अणूंचा असून त्यात सहा अणूंची तीन व पाच अणूंचे एक अशी चार वलये परस्परांना जोडलेली असतात. प्रत्येक कार्बनला ठरलेला क्रमांक आहे. कोणत्या क्रमांकावर कोणता गट बसला आहे, यावर रेणूचे गुणधर्म ठरतात.

१९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णावर कॉर्टिसोनचा प्रयोग केला आणि त्याचा गुण आश्चर्यकारक ठरला. हेंच, एडवर्ड केंडल व टाडेउश राइखश्टाइन यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. औषध मात्र रुग्णांच्या आवाक्याबाहेर होते. कॉर्टिसोनला अकराव्या कार्बनवर ऑक्सिजन हवा असतो आणि नेमका तेथेच रसायनशास्त्रज्ञांचा हात पोहोचत नव्हता. गुरांच्या पित्तातील आम्लापासून सुरुवात करून, बाराव्या कार्बनवरील ऑक्सिजन अकराव्यावर सरकवत, तीसहून अधिक पायऱ्यांनी ते तयार करावे लागे. आरंभी त्याची किंमत ग्रॅमला सुमारे २०० डॉलर होती.

हा पेच एका बुरशीने सोडवला. १९५२ मध्ये अपजॉन कंपनीतील ड्युरी पीटरसन व हर्बर्ट मरे यांनी ऱ्हायझोपस या बुरशीच्या साहाय्याने प्रोजेस्टेरॉनच्या अकराव्या कार्बनवर एकाच पायरीत हायड्रॉक्सिल गट बसवला. शिळ्या पावावर वाढणारी काळी बुरशी याच प्रजातीतील आहे. हा गट हॉर्मोनातील गटाच्या उलट बाजूस, म्हणजे ‘आल्फा’ बाजूस, बसतो. तथापि पुढे ऑक्सिडीकरणाने त्याचे कीटोन गटात रूपांतर केले की बाजूचा भेदच उरत नाही, म्हणून कॉर्टिसोनच्या बाबतीत ही अडचण ठरली नाही. हायड्रोकॉर्टिसोनला ‘बीटा’ बाजूच हवी असते. ते काम कर्व्हुलेरिया ल्युनाटा ही बुरशी करते.

कच्चा माल म्हणून लागणारे प्रोजेस्टेरॉन रसेल मार्कर यांच्या पद्धतीने मेक्सिकोतील रानकंदांमधील डायोसजेनीनपासून मिळू लागले होते. हे कंद कोकणातील करांद्याच्याच प्रजातीतील होत. सह्याद्रीत पावसाळ्यात उगवणाऱ्या पेव या वनस्पतीच्या कंदातही डायोसजेनीन आढळते.

एंझाइमांचे कार्य

हायड्रॉक्सिलीकरण करणारी बुरशीतील एंझाइमे सायटोक्रोम पी-४५० या कुळातील आहेत. त्यांच्या केंद्रस्थानी हीममधील लोहाचा अणू असतो. हवेतील ऑक्सिजन रेणूचा एक अणू स्टेरॉइडात जातो व दुसऱ्याचे पाणी होते. त्यासाठी लागणारे इलेक्ट्रॉन एनएडीपीएच या सहएंझाइमाकडून एका रिडक्टेज प्रथिनामार्फत येतात. ही जोडी पेशीतील पटलांना चिकटलेली असल्याने वेगळी काढल्यावर सहज निकामी होते. त्यामुळे उद्योगात अखंड बुरशीच वापरतात: आधी ती टाकीत वाढवायची, मग स्टेरॉइड घालायचे आणि हवा सतत खेळती ठेवायची. स्टेरॉइडे पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, ही या पद्धतीतील कायमची डोकेदुखी आहे.

बुरशीला याचा उपयोग काय? प्रोजेस्टेरॉन तिच्या वाढीस मारक ठरते व हायड्रॉक्सिल गट जोडल्यावर त्याची विषारीता कमी होते, असे ऱ्हायझोपसवरील अभ्यासात दिसले आहे. स्टेरॉइड समोर आल्यावरच हे एंझाइम मोठ्या प्रमाणात निर्माण होते, हेही त्याच्याशी सुसंगत आहे.

आर्थ्रोबॅक्टर सिंप्लेक्स या जीवाणूचे डीहायड्रोजनेज पहिल्या व दुसऱ्या कार्बनमध्ये दुहेरी बंध निर्माण करते. एवढ्याशा बदलाने हायड्रोकॉर्टिसोनचे प्रेडनिसोलोन होते आणि दाहशामक शक्ती सुमारे चौपट वाढते. कोविड-१९ च्या साथीत गंभीर रुग्णांना दिल्या गेलेल्या डेक्सामेथासोनमध्येही हाच बंध आहे.

कोलेस्टेरॉल ऑक्सिडेज हे स्ट्रेप्टोमायसीससारख्या जीवाणूंपासून मिळणारे एंझाइम रक्ततपासणीत वापरतात. त्याच्या क्रियेतून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते, त्यापासून दुसऱ्या एंझाइमाच्या मदतीने गुलाबी रंग येतो आणि रंगाच्या गडदपणावरून कोलेस्टेरॉल मोजले जाते.

मायकोबॅक्टेरियम व क्षयरोग

मातीतील काही मायकोबॅक्टेरिया स्टेरॉइडे अन्न म्हणून खातात. ते प्रथम पार्श्वशृंखला तोडतात आणि नंतर दोन एंझाइमांच्या संयुक्त क्रियेने वलये फोडतात. वलये फोडणारी एंझाइमे निकामी केलेले उत्परिवर्तित वाण वापरल्यास प्रक्रिया मध्येच थांबते व अँड्रोस्टीनडायोन साठते. सोयाबीन तेलाच्या शुद्धीकरणात मिळणाऱ्या वनस्पतिज स्टेरॉलांपासून हे संयुग तयार होऊ लागल्यावर कंदांचे महत्त्व घटले. उद्योगोपयोगी सूक्ष्मजीवांचे वाण जतन करून संशोधकांना पुरवणारा राष्ट्रीय संग्रह पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आहे.

क्षयरोगाचा जंतू याच कुळातील असून त्याच्याजवळही हीच एंझाइमे आहेत. रुग्णाच्या पेशींतील कोलेस्टेरॉल तो एमसीई-४ या वाहक प्रणालीने आत घेतो. ही प्रणाली नसलेला जंतू उंदरांच्या फुप्फुसात दीर्घकाळ टिकाव धरू शकत नाही, असे २००८ मध्ये दाखवण्यात आले. म्हणून कोलेस्टेरॉल पचवणारी ही एंझाइमे रोखणाऱ्या संयुगांचा क्षयरोगावरील औषधे म्हणून शोध घेतला जात आहे.